एक दिवस स्वेटर घाला

बापू,

तुमचं ते चार्जिंगचं जॅकेट आठवडाभर माझ्या खाटेखाली होतं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. दहाव्याला महेशदादा तुमचे कपडे गाठोड्यात बांधत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, बापूंचं ते वायरवालं जॅकेट कुठंय? मी ओसरीपुढे पाहुण्यांच्या चपला सरळ लावत होतो. ऐकलं, आणि लावतच राहिलो. तुमचा हा मुलगा जवळच्या चांद्याच्या फ्लॅटवरून दहा दिवस येऊन राहिलेला, रडून डोळे सुजलेले. त्याच्यासमोर खाटेखालून ते काढून आणायची माझी छाती झाली नाही. काढलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुझ्याकडे कसं? आणि कधीपासून?

कधीपासून, हेच मला तुम्हाला सोडून कुणाला सांगता येत नव्हतं.

तुमच्या दारात मी पहिल्यांदा आलो तेव्हा हिंगोलीहून निघून मला तीन दिवस झाले होते. पिरंगुटात जागा विचारली की लोक आधी कागद मागायचे, मग एकटा आहेस का विचारायचे. तुम्ही काहीच विचारलं नाही. कडब्याची खोली झाडून रिकामी केलेली होती, तिच्यात मला नेलंत आणि म्हणालात, "हितं झोपून बघ." मला वाटलं थट्टा चाललीय. पण तुम्ही दारात उभे राहिलात. मी आडवा झालो. पाय भिंतीला लागले. तुम्ही म्हणालात, "तिरका हो." तिरका झालो, मग बसलो. "झालं की मग. मान्साला पाय लांब करता आलं पायजेत," म्हणालात, आणि काकींना चहा टाकायला सांगितलंत. पाच वर्षं झाली. अजून तिरकाच झोपतो.

दुकानात लागलो तेव्हाही तुमच्यापाशीच पहिल्यांदा कबूल केलं होतं. बायकवाल्यांच्या सामानाचं दुकान. हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेटं. शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे निघालेली आयटीची पोरं येतात, अर्धं इंग्रजीत बोलतात. मालकाला मी दहावी सांगितली होती. आठवीतच सुटलेली शाळा. कधीतरी कुणी दाखला मागेल म्हणून झोप लागायची नाही. तुम्ही धारेला बसला होतात, म्हशीच्या पोटाला डोकं टेकून. म्हणालात, "मी चौथी. तू माझ्या दुप्पट शिकल्यालास. गप झोप." हसू आलं. झोपही आली त्या दिवशी.

त्या दुकानातच मी मापाचं काम शिकलो. डब्यावरच्या अक्षरांवर मी भरवसा ठेवत नाही, टेप लावतो. आणि गिऱ्हाईकाला आरशापुढे उभं न करता दुकानातल्या जुन्या गाडीवर बसवतो. उभ्या माणसाला जे जॅकेट बसतं ते बसल्यावर पाठीवर चढतं, कमर उघडी पडते. हात हँडलला गेले की बाही मनगटावरून मागे सरकते. थंडी तिथूनच घुसते. बसून बघा, हात पुढे करा, क्लच दाबा, मान वळवा. दिवसातून वीसदा हे बोलतो. परवा बोलता बोलता ध्यानात आलं की हे दुकानात शिकलेलोच नाही. कडब्याच्या खोलीत शिकलो होतो, तुमच्याकडून.

तुम्ही मात्र तीस वर्षं वर्तमानपत्रावर दूध घातलंत. छातीवर बंडीच्या आत कागदाची चौपदरी घडी, वर काकींनी विणलेला तपकिरी स्वेटर, त्यावर कानटोपी. कासार आंबोलीतून अंधार असतानाच निघायचं, पिरंगुटातून वळून लवळ्याचा चढ, तिथल्या कॉलेजच्या कँटिनला दोन कॅन, पुढे नांद्यावरून चांदे, सोसायट्यांची मापं. परत येऊन गाडी लावली की तुमची बोटं हँडलच्या आकाराचीच राहायची. काकी चहाचा पेला हातात द्यायच्या नाहीत, दोन्ही हातांत धरवायच्या. हे मी पाच हिवाळे बघितलं. म्हणून यंदा दिवाळीनंतर दुकानात ती बॅटरीवरची जॅकेटं आली तेव्हा पहिलं तुमच्यासाठी आणायचं, हे माझं ठरलेलं होतं. तुमची मोटरसायकल म्हातारी, तिच्या बॅटरीला हॉर्न झेपत नाही. म्हणून खिशात वेगळी बॅटरी ठेवायची ती जात निवडली. दोन मापं घरी आणली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

लहान माप तुम्हाला नेमकं बसलं होतं, बापू. खांद्याला, छातीला, पाठीला. मी डोळ्यांनी बघितलं. तुम्ही मात्र ते काढून मोठं घातलंत, तेही स्वेटरवरून, आणि काकींकडे वळलात. काकी म्हणाल्या, "ह्ये बरं. आत स्वेटर बसतुया." झालं, निकाल लागला. मी सांगून सांगून थकलो की हे साध्या कपड्यासारखं नाही. यात छातीला, पाठीला, गळ्याला वायरी आहेत, त्या अंगाला टेकल्या पाहिजेत. आत एक पातळ बनियन, त्यावर हे, त्यावर वारा अडवणारं काहीतरी. मधे जाड स्वेटर घातला तर ऊब त्या लोकरीतच जिरते.

"स्वेटर गरम झाला की मी गरम व्हनारच की," तुम्ही म्हणालात.

मी लहान माप पिशवीत घातलं, दुकानात परत न्यायला.

गावात तुमची चेष्टा सुरू झाली. डेअरीवर कुणीतरी विचारायचं, बापू, किती टक्के राहिलं? कुणी म्हणायचं, काकी रात्री बापूला पिनला लावत्यात. तुम्ही पण कमी नव्हता. म्हणायचात, "तुमाला न्हाई लावत कुनी, म्हनून जळताय." आणि चौकात मुद्दाम बटण दाबून छातीवरचा लाल दिवा दाखवायचात.

त्या लाल दिव्यानंच मला घोर लावला. निळा कमी, पांढरा मधला, लाल सगळ्यात जास्त. सैल जॅकेट, आत स्वेटर, ऊब लागेना, म्हणून तुम्ही घरापासूनच लाल लावायचात. लवळ्याचा चढ यायच्या आत बॅटरी झोपायची. मग संध्याकाळी मला ऐकवायचात, तुझं मशीन थंड हाय. मी दुकानात गिऱ्हाईकाला विचारतो तसं तुम्हाला विचारलं होतं, साखर आहे का? साखर असलेल्याला कातडीवरचा चटका लवकर कळत नाही, त्यानं लाल लावायचंच नसतं. तुम्ही साफ नाही म्हणालात. चुलीपाशी बसलेल्या काकी म्हणाल्या, "पायाला काटा रुतल्याला कळत न्हाई, आनि म्हनं साखर न्हाई." तुम्ही टोपी सारखी केलीत आणि विषय पावसाळी भातावर नेलात. मला मात्र चैन पडेना. रोज संध्याकाळी काही ना काही निमित्तानं तुमची पाठ बघायचो, कुठं लाल झालंय का. तुम्ही म्हणायचात, म्हस इकत घेतोयस का?

तुम्हाला अंगाबरोबरचा कपडा सहन होत नसे, यात तुमचा दोष नव्हता. आमच्याकडेही तसंच. वाढत्या अंगाचं घ्यायचं. शाळेत माझी खाकी चड्डी दोरीनं आवळलेली असायची, शर्टाच्या बाह्या तीनदा दुमडलेल्या. तो शर्ट मला अंगाला बसायला लागला त्या वर्षी मी शाळा सोडून ट्रॅक्टरवर जायला लागलो. तुम्हाला हे एकदा सांगितलं होतं. तुम्ही हसाल वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "सदुसष्ट झाली. माझं अंग अजून वाढतंयच बघ," आणि मग हसलात, माझ्याकडे न बघता.

डिसेंबर सरला आणि थंडी चावायला लागली. एका सकाळी तुम्ही चांद्याहून आलात ते थरथरतच. बॅटरी कधीच संपलेली. त्या संध्याकाळी माझा तोल गेला. अंगाबरोबरचं माप दुकानात उरलं नव्हतं, नवा माल पुढच्या हिवाळ्यात. म्हणालो, मी हेच आवळून आणतो. बगलेखालच्या दोन पट्ट्यांत वायर नाही, मी बोटांनी चाचपून बघितलंय, तिथं दोन्हीकडून मुडप घालता येईल. तुम्ही हो म्हणाला नाहीत. अंगणात गेलात, मोटरसायकलवर बसलात आणि हात हँडलवर ठेवलेत.

"घे काय घ्यायचं ते."

मी बनियनवरून टेप लावली. छाती, पोट, गळ्यापासून कमरेपर्यंत पाठ, कोपर वाकवून मनगटापर्यंत बाही. बगलेत टेप गेली की तुम्हाला गुदगुल्या व्हायच्या, गाडी स्टँडवर डुगडुगायची. काकी दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. आकडे मी दुकानाच्या पावतीच्या मागे लिहिले. जॅकेट घडी न घालता हातावर टाकलं आणि निघालो, कारण पिरंगुटातला टेलर आठला बंद करतो.

तुम्ही म्हणालात, "उद्या थंडी लई हाय."

आणि मी म्हणालो, "एक दिवस स्वेटर घाला."

"आता म्हनतोस घाल. महिनाभर म्हनत हुतास काढ."

मी वळून बघितलंही नाही, बापू. टेलर बंद होईल या घाईत होतो. हसलो असेन, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळं दूध घातलंत. कँटिनचे दोन कॅन, सोसायट्यांचं सगळं, एक माप कमी नाही. परत आलात, गाडी स्टँडला लावलीत, रिकामे कॅन उतरवलेत. ओसरीच्या पायरीवर बसलात. काकी चहा घेऊन येईस्तोवर तुम्ही खांबाला टेकला होता. मी तोंड धूत होतो. कॅनचं झाकण घरंगळत माझ्या पायाशी आलं, म्हणून मी वर बघितलं.

दवाखान्याकडे निघालेल्या शेजाऱ्यांच्या गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बोटं अजून हँडल धरल्यासारखी. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय, जुनं दुखणं असणार. महेशदादा कागदांवर सह्या करत होते तेव्हा मी डॉक्टरांना बाजूला गाठलं. विचारलं, थंडीनं झालं असेल का? अंगावर नेहमीचं गरम नव्हतं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही.

सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर मी सुटलो असतो. हो म्हणाले असते तर निदान एका जागी बसून रडलो असतो. या उत्तराला कुठं टेकायला जागाच नाही. आडवा झालो की हिशेब सुरू होतो. जॅकेट असतं तरी बॅटरी लवळ्यातच संपली असती. पण लवळ्यापर्यंत तरी होतीच की. पण तुम्ही ते सैलच घातलं असतं. पण थोडी तरी ऊब. उठून पाणी पितो, पुन्हा तिथूनच सुरू.

तिसऱ्या दिवशी टेलरचा फोन आला. त्याला काही माहीत नव्हतं. म्हणाला, कच्ची टीप मारलीय, म्हाताऱ्याला एकदा अंगात घालून दाखव, बरोबर बसलं की पक्की मारतो. मी गेलो. त्यानं ते आतून उलटं करून मला शिवण दाखवली, कुठं दोरा सैल ठेवलाय, कुठं वायर चुकवलीय. मान हलवत राहिलो. पक्की मारायची का, त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, बघतो. ते आणून खाटेखाली सारलं.

सुतकात घरचं कुणी गिऱ्हाइकी करायची नाही, आणि म्हशींना सुतक कळत नाही. शेजारच्यांनी धार काढली, दूध त्यांच्या नावानं, आणि कॅन घेऊन जायचं मी धरलं. दुकान दहाला उघडतं, तोवर परत येतो. तुमच्याच गाडीवर. पहिल्या सकाळी कळलं की मी महिनाभर तुम्हाला दुकानातली अक्कल शिकवत होतो, पण त्या वेळेला त्या रस्त्यावर मी एकदाही आलो नव्हतो. नदीकडच्या खोलगट भागात गारठा कसा साचून राहतो, चढाला लागलं की वारा गळ्यातून नाही तर बाहीतून शिरतो आणि कोपरापर्यंत येऊन थांबतो. कँटिनचा माणूस कॅन ओतून घेता घेता म्हणाला, बापूंचे हात बघून आम्ही आधी त्यांना भट्टीपाशी उभं करायचो. हे तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. काकींनाही माहीत नव्हतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी महेशदादा तेराव्याचं सामान आणायला गेले. काकी एकट्याच होत्या, तांदूळ निवडत. मी जॅकेट आणलं आणि त्यांच्यापुढे सुपाशेजारी ठेवलं. म्हणालो, काकी, त्या सकाळी हे माझ्याकडं होतं. बापू म्हणाले थंडी आहे, आणि मी ऐकलं नाही. खोली खाली करायला सांगाल तर करतो.

काकींनी सूप बाजूला केलं नाही. एक खडा काढला, बाजूला टाकला.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "निघतानी म्याच इचारलं त्यास्नी, जाकीट कुटं? तर म्हनलं, गजानं न्हेलंय. माप घिऊन न्हेलंय." तांदळात बोट फिरवलं. "आनि म्हनलं, आजवर माझं माप कुनी घेतलंय गं? लग्नातला कोट बी भावाच्या मापाचा हुता. सगळं अंदाजानंच. म्हनत हुतं आनि हसत हुतं. स्वेटर घालून हसतच गेलं."

मी सुपाबाहेर सांडलेले तांदूळ वेचत राहिलो.

"थंडीनं का कशानं, त्ये देवाला ठावं. तू इचारू नगंस, म्या बी इचारत न्हाई," काकी म्हणाल्या. पण त्या विचारतात, बापू. मी त्यांना रोज पहाटे ओसरीवर उभं राहून रस्त्याकडे बघताना बघतो. आम्ही दोघंही विचारतो आणि एकमेकांना सांगत नाही, इतकंच.

मग त्यांनी जॅकेट मांडीवर घेतलं, उलटं केलं. बगलेखालची कच्ची टीप बोटांनी चाचपली, दाताखाली दोरा धरला आणि ओढला. सरकन निघाला. मी म्हणालो, काकी, राहू द्या, एवढं मापानं केलंय. त्यांनी दुसरी बाजूही उसवली. आत जाऊन तपकिरी स्वेटर आणला. त्या दिवशीचाच, धुतलेला. दहाव्याला गाठोड्यात घालायला त्यांनी तो दिलाच नव्हता. दोन्ही माझ्या हातात दिलं.

"उद्यापास्नं ह्ये घाल."

मी म्हणालो, मला मोठं होतंय, आणि स्वेटरवरून घातलं तर ऊब—

"तू म्हनतोस तसं नगं. त्ये म्हनायचं तसं घाल. एक दिस."

आज सकाळी घातलं. आत तुमचा स्वेटर, वर तुमचं जॅकेट, पोटाजवळ दोन मुठी मावतील एवढं सैल. आरशात बघितलं नाही. गाडीवर बसलो, हात पुढे केले, बाह्या मनगटाच्याही पुढे आल्या. दुकानात असं कुणी घातलं असतं तर मी काढायला लावलं असतं. बटण दाबलं. लाल नाही लावला, निळा लावला. काकी ओसरीवर उभ्या होत्या. पिरंगुटात कुणीतरी दुरून छातीवरचा दिवा बघून हात वर केला आणि जवळ आल्यावर खाली घेतला.

लवळ्याच्या चढाला लागलो तेव्हा बॅटरी चालू होती. एका हातानं जॅकेटच्या आत चाचपून बघितलं. स्वेटर गरम झाला होता, बापू. लोकर चांगली तापली होती.

मी गरम झालो की नाही, ते सांगणार नाही. सांगितलं की भांडण संपेल. कँटिनपाशी उतरलो, कॅन दिले, आणि तो माणूस भट्टीकडे ये म्हणाला तर म्हणालो, नको. मापाचा कागद पाकिटात आहे, पावतीच्या मागे, तुमची छाती, तुमची पाठ, वाकवलेल्या कोपरापासून तुमचं मनगट. उद्या तुमचा तेरावा. त्या आधी दूध घालायचं आहे. बॅटरी चार्जिंगला लावलीय.